मोटरबोटीच्या पंख्याची रोगपरीक्षा

वैद्याकडे गेलेला रोगी पुष्कळदां आपलीं लक्षणें सांगण्याऐवजीं आपल्या रोगाचें नांवच सांगून मोकळा होतो. "मला पित्त झालें आहे, औषध द्या," असें तो म्हणतो. दुखतें कोठें, दुखतें केव्हां, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर, हें विचारल्यावांचून तो सांगत नाहीं. अनुभवी वैद्य रोग्यानें केलेलें निदान हंसून बाजूला ठेवतो आणि एकेक लक्षण विचारूं लागतो. यंत्रांच्या बाबतींत आपणांपैकीं पुष्कळ जण या रोग्यासारखेच वागतात. मीहि एकदां तसाच वागलों, आणि त्याबद्दल मला चांगला दंड भरावा लागला. मोटरबोटीच्या पंख्याच्या दोषांविषयीं आज मी जें कांहीं सांगणार आहें, तें त्या दंडाच्या मोबदल्यांत मिळालेलें ज्ञान होय.

पावसाळा संपून समुद्र नुकताच शांत झाला होता. एका रविवारीं मांडव्याहून आम्ही घरचीं पांच माणसें एका लहान मोटरबोटींतून मुंबईस परत येत होतों. अर्धी वाट संपली असेल नसेल, तोंच इंजिनाचा आवाज एकाएकीं चढला. आवाज चढल्यावर बोटीनें उसळी घ्यावी कीं नाहीं? ती उलट पाण्यांत बसली. मीं वेगाची मूठ आणखी पुढें केली. आवाज आणखी वाढला. बोट मात्र जागच्या जागीं डोलत राहिली. पुन्हां मूठ मागें, पुन्हां पुढें, असें मीं चार-पांच वेळां केलें. ओहोटी लागली होती आणि आम्ही हळूहळू बाहेरच्या बाजूस वाहूं लागलों होतों. तेव्हां मागें बसलेल्या आमच्या आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "अरे, आधीं नांगर टाक. मग काय तपासायचें तें तपास." त्या क्षणीं बोटीवर शहाणें माणूस तेवढें एकच होतें.

नांगर धरल्यावर अर्ध्या तासानें एक मच्छीमार होडी जवळून जात होती. तिच्या तांडेलानें आमची अवस्था ओळखून दोर दिला. दोर बांधतां बांधतां त्यानें मला विचारलें, "शेठ, आवाज वाढला तेव्हां बोट वाढली काय?" मीं नाहीं म्हटलें. "मग इंजिनाला कशाला दोष देतां? खालीं बघा," एवढें बोलून तो आपल्या सुकाणूवर गेला.

इतकें स्पष्ट उत्तर मिळूनहि दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत जाऊन मीं काय सांगितलें? "इंजिनांत जोर उरलेला नाहीं." झालें! त्यांनीं इंजिन उघडलें. ठिणगीचे प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली, टांकी धुतली. चार दिवसांनीं इंजिन अगदीं सुरेख वाजूं लागलें. तें पूर्वींहि सुरेखच वाजत होतें. बोट पाण्यांत उतरवली आणि पहिल्याच वळणाच्या आधीं तिनें तेंच केलें. दोष पंख्याच्या तुंब्यांतील रबराचा होता, आणि मीं मूठ पुनःपुन्हां पुढें रेटून तें रबर पुरतें जाळून टाकलें होतें. कारखान्याला मी बोल लावीत नाहीं. मीं त्यांना लक्षण सांगितलें नाहीं. निदान सांगितलें, आणि तेंहि चुकीचें.

आतां ज्या तऱ्हेच्या बोटीविषयीं आपण बोलत आहोंत, तिची रचना थोडक्यांत पाहूं. या तऱ्हेस स्टर्नड्राइव्ह म्हणतात. हींत इंजिन बोटीच्या आंत, अगदीं मागच्या भिंतीशीं बसविलेलें असतें. भिंतीच्या बाहेर एक धातूचा पाय पाण्यांत उतरलेला असतो. इंजिनाची फिरत भिंतींतून बाहेर येते, दंतचक्रांच्या साहाय्यानें काटकोनांत वळून त्या पायांतून खालीं उतरते, तळाशीं पुन्हां काटकोनांत वळते आणि पंख्यास फिरविते. या बोटीला निराळें सुकाणू नसतें. सबंध पायच डावीकडे-उजवीकडे वळतो. तो वर-खालींहि कलवितां येतो, आणि त्या कलण्यास ट्रिम असें म्हणतात. इंजिनाचा धूर बहुधा याच पायांतून उतरून पंख्याच्या पोकळ तुंब्यांतून पाण्यांत सोडलेला असतो. स्वीडनमधील व्होल्व्हो पेंटा कंपनीनें 'ॲक्वामॅटिक' या नांवानें हा प्रकार १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत मांडला, आणि तेव्हांपासून सहलीच्या बोटींत तो जगभर पसरला. त्याच कंपनीनें १९८२ सालीं एकाच पायावर एकामागें एक, परस्परविरुद्ध दिशांनीं फिरणारे दोन पंखे बसविण्याची पद्धतहि आणली.

पंख्याचें काम समजण्यास मळसूत्राची आठवण करावी. लांकडांत मळसूत्री खिळा पिळला म्हणजे प्रत्येक फेऱ्यास तो एक ठराविक अंतर आंत शिरतो. पंख्याचें पातें हा तशाच मळसूत्राचा एक तुकडा आहे. पाणी जर लांकडासारखें घट्ट असतें, तर एका फेऱ्यांत पंखा जितका पुढें गेला असता, त्या अंतरास पिच म्हणतात. आपण त्यास पंख्याची 'चाल' म्हणूं. पंख्यावर दोन आंकडे कोरलेले असतात; पहिला व्यासाचा आणि दुसरा या चालीचा, आणि दोन्ही बहुधा इंचांत असतात.

या चालीवरून एक सोपें गणित करतां येतें. समजा, पंख्याची चाल २० इंच आहे आणि इंजिन मिनिटास ४,८०० फेरे करीत आहे. पायांतील दंतचक्रांनीं हे फेरे निम्मे केले, म्हणजे पंख्याचे फेरे २,४०० झाले. २,४०० ला २० नें गुणलें म्हणजे मिनिटास ४८,००० इंच, अर्थात् ४,००० फूट. तासाला सुमारें ४५ मैल. पण पाणी लांकूड नव्हे. तें मागें सरकतें. म्हणून बोट प्रत्यक्षांत कांहींशी कमी धांवते. या उण्या पडलेल्या भागास घसरण म्हणतात. पाण्यावर उचलून धांवणाऱ्या हलक्या बोटीची घसरण पूर्ण वेगावर शेंकडा १० ते २० च्या दरम्यान असली, तर पंखा बोटीस मानवला आहे असें समजावें. आपल्या उदाहरणांत याचा अर्थ तासाला ३६ ते ४१ मैल. हीच बोट तितक्याच फेऱ्यांवर २५ मैल धांवूं लागली, तर घसरण शेंकडा ४५ वर गेली. म्हणजे इंजिन आपलें काम करीत आहे. तें काम पाण्यापर्यंत मात्र पोंचत नाहीं. हा सर्व हिशेब करण्यास फेरेमापक, गतिमापक आणि कागद-पेन्सिल पुरते. इंजिनाचा एकहि स्क्रू काढावा लागत नाहीं.

तांडेलानें मला विचारलेला प्रश्न याच गणिताचा होता, फक्त त्यानें आंकडे वापरले नव्हते. त्याच्या एका प्रश्नाचे मी आज तीन प्रश्न करतों. पहिला: फेरे वाढतात, पण वेग वाढत नाहीं काय? दुसरा: फेरेच वाढत नाहींत काय? तिसरा: दोन्ही वाढतात, पण बोट थरथरते काय? पंख्याचे बहुतेक सर्व दोष या तीन घरांपैकीं एका घरांत बसतात.

पहिलें घर घेऊं. फेरे चढतात आणि बोट बसते. याचीं मुख्य कारणें तीन. सर्वांत निरुपद्रवी कारण म्हणजे पंख्यानें हवा खाणें. पाय फार वर कलविला असला, वळण फार आंखूड घेतलें, किंवा लाटेवर बोटीची मागील बाजू उचलली गेली, तर पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाते आणि पातीं पाण्याऐवजीं फेंसांत फिरूं लागतात. तुंब्याच्या मागच्या कडेचें पसरट कडें तुटलें असलें, तर इंजिनाचा धूरहि मागें निघून न जातां पात्यांत शिरतो आणि परिणाम तोच होतो. याची ओळख अशी कीं, मूठ मागें घेऊन पाय खालीं केला आणि बोट सरळ धरली, म्हणजे पकड परत येते, आणि पुन्हां वळेपर्यंत टिकते.

दुसरें कारण तुंब्यांतील रबराचें, तें म्हणजे माझें. तुंब्याच्या आंत खांचेदार आंसावर बसणारी एक धातूची नळी असते आणि बाहेर पात्यांसह कवच असतें. या दोहोंमध्यें रबर दाबून बसविलेलें असतें. गिअर घालतांना बसणारा हिसका तें आपल्या अंगावर घेतें. कांहीं नव्या पंख्यांत रबराऐवजीं बदलतां येण्याजोगी प्लॅस्टिकची बाही असते. रबर जुनें झालें किंवा पंख्यानें कोठें मोठा आघात सोसला, म्हणजे तें सुटतें. मग आंस फिरतो, नळी फिरते, आणि कवच मागें राहतें. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, हें रबर हळू चालींत बहुधा थोडेंफार काम देतें आणि जोर केला कीं घसरतें. मीं त्या दिवशीं मूठ अगदीं थोडी पुढें ठेवून सावकाश आलों असतों, तर कदाचित् दोराविना धक्क्यास लागलों असतों. मीं उलट केलें. रबर घासून तापलें, आणि जी थोडी पकड होती तीहि गेली.

या रोगाची परीक्षा करण्यास एक रंगाची डबी पुरते. बोट पाण्याबाहेर असतां पंख्याच्या मागच्या बाजूनें आंतील नळीवर आणि बाहेरच्या कवचावर मिळून एकच सरळ रेघ ओढावी. मग बोट पाण्यांत नेऊन घसरण होईपर्यंत चालवावी आणि परत येऊन रेघ पाहावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर रबर सुटलें यांत शंका नाहीं. रेघ जशीच्या तशी असून घसरण मात्र झाली असेल, आणि हवा खाण्याचें कारणहि नसेल, तर दोष पंख्याच्या अलीकडे, म्हणजे बोटीच्या आंत शोधावा. इंजिन आणि पाय यांस जोडणाऱ्या कपलरमध्येंहि रबर असतें, आणि तें सुटलें तरी लक्षण असेंच दिसतें. इंजिनाच्या खणांत जळक्या रबराचा वास येत असेल, तर संशय अधिक बळावतो. एका रेघेनें एवढा निवाडा होतो. ती रेघ मीं आधीं ओढली असती, तर चार दिवस आणि टांकीची धुलाई वांचली असती.

तिसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. पातें पाण्यांतून अतिशय जोरानें फिरलें, म्हणजे त्याच्या पाठीकडील दाब इतका उतरतो कीं, पाणी थंड असूनहि तेथें उकळतें आणि वाफेच्या पोकळ्या होतात. त्या पोकळ्या पुढें जाऊन फुटतात आणि धातूवर बारीक खड्डे पाडतात. पात्याची कड चेमटलेली किंवा दांतरलेली असली, म्हणजे हा प्रकार लवकर सुरू होतो. या पोकळ्यांनीं एका मोठ्या शोधकासहि कोड्यांत टाकलें होतें. वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनीं आपली 'टर्बिनिया' नौका १८९४ सालीं पाण्यांत उतरविली. ती अपेक्षेप्रमाणें धांवेना. ताशीं वीस सागरी मैलांचाहि पल्ला तिला गांठवेना. पार्सन्स यांनीं इंजिनाकडून आंसास मिळणारी शक्ति प्रत्यक्ष मोजली. ती पुरेशी होती. तेव्हां दोष पाण्याखालीं आहे हें सिद्ध झालें. मग त्यांनीं कांचेच्या खिडक्यांची एक छोटी टांकी करवून तींत लहान पंखा फिरविला आणि त्या पोकळ्या डोळ्यांनीं पाहिल्या. शेवटीं एकाऐवजीं तीन आंस आणि प्रत्येकावर तीन पंखे अशी योजना केली, आणि १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनांत तीच नौका ३४ सागरी मैलांच्या वेगानें सर्वांच्या डोळ्यांदेखत धांवली. पार्सन्स यांच्याजवळ इंजिनावर संशय घेण्यास पुष्कळ कारण होतें. तें इंजिनच नव्या जातीचें होतें. त्यांनीं संशय घेण्यापूर्वीं मोजलें.

आतां दुसरें घर. मूठ पूर्ण पुढें आहे, पण फेरेच चढत नाहींत. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकांत पूर्ण मुठीवर फेरे किती असावेत याची मर्यादा दिलेली असते. पेट्रोलच्या पुष्कळ स्टर्नड्राइव्ह इंजिनांस ४,४०० ते ४,८०० ही मर्यादा असते, तरी प्रत्येकानें आपलेंच पुस्तक पाहावें. नेहमींइतकीं माणसें आणि नेहमींइतकें पेट्रोल घेऊन, पाय योग्य कलवून, ही चांचणी करावी. फेरे मर्यादेच्या खालीं राहिले, तर इंजिन चढावर चौथ्या गिअरांत कोंडलेल्या मोटरगाडीप्रमाणें कण्हत आहे असें समजावें. या स्थितींत तें फार दिवस चालविलें, तर तें तापतें आणि आंतून झिजतें. उलट फेरे मर्यादेवर गेले, तर पंखा इंजिनास फार हलका पडतो. चाल एक इंच कमी केली, म्हणजे फेरे सामान्यतः १५० ते २०० नीं वाढतात. एक इंच वाढविली, तर तितकेच उतरतात. यावरून किती इंचांचा पंखा हवा याचा अंदाज घरबसल्या करतां येतो.

पण येथें एक प्रश्न अवश्य विचारावा: हा दोष जन्मापासूनचा आहे, कीं मागाहून आलेला? बोट घेतल्या दिवसापासून फेरे कमी असतील, तर पंख्याची चाल जास्त असण्याचा संभव मोठा. परंतु याच पंख्यानें गेल्या हिंवाळ्यांत पुरे फेरे मिळत होते आणि यंदां मिळत नाहींत, तर बिचाऱ्या पंख्यानें काय केलें? धातूची चाल आपोआप वाढत नाहीं. अशा वेळीं बोटीचा तळ पाहावा. खाऱ्या पाण्यांत मुक्काम करणाऱ्या बोटीच्या तळाशीं थोड्याच आठवड्यांत शेवाळ आणि कवचांचा थर चढतो, आणि तो वेग व फेरे दोन्ही खातो. तळच्या खणांत पाणी सांचलें आहे काय, सामान वाढलें आहे काय, तेंहि पाहावें. तळ स्वच्छ आणि भार नेहमींचा असूनहि फेरे उतरलेले राहिले, तर मात्र इंजिन तपासण्याची पाळी आली. इंजिनाची पाळी येतेच. फक्त ती पहिली नसावी.

तिसरें घर थरथरीचें. येथेंहि प्रश्नांनींच वाट काढावी. बोट उभी असतां, गिअर न घालतां, ज्या फेऱ्यांवर थरथर होते त्या फेऱ्यांपर्यंत इंजिन हलकेंच न्यावें. तरीहि थरथरलें, तर रोग इंजिनाचा. गिअर घालून चालविल्यावरच थरथरलें, तर पंख्याचा किंवा त्याच्या आंसाचा संशय घ्यावा. सरळ चालतांना सर्व ठीक, पण वळतांना गुरगुर आणि थरथर होत असेल, तर भिंतीपाशीं असलेले फिरते सांधे किंवा तेथील बेअरिंग झिजलें असावें.

पंखा तपासण्याची रीत सोपी आहे. बोट जमिनीवर असतां एक काठी पात्याच्या टोंकाजवळ पक्की टेकवावी आणि पंखा हातानें सावकाश फिरवावा. प्रत्येक पात्याचें टोंक काठीपासून सारख्याच अंतरावरून गेलें पाहिजे. एखादें पातें पुढें किंवा मागें गेलें, तर तें वांकलें आहे. मग पंखा काढून नुसत्या आंसाचें टोंक त्याच रीतीनें पाहावें. तेंच डुलत असेल, तर नवा पंखा बसवूनहि थरथर जाणार नाहीं. दोन पंख्यांच्या पायावर एक पंखा बिघडला, तर त्याच्या जोडीस मेळ खाणाराच पंखा घ्यावा, कारण ते दोघे जोडीनेंच आंखलेले असतात.

पंखा काढला असतां आणखी एक काम करावें. मुंबईच्या बंदरांत जाळ्यांचे तुकडे, नायलॉनचे दोर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या किती तरंगत असतात, हें तेथून एकदां प्रवास केलेल्यास सांगावयास नको. पिशवी गुंडाळली गेली, तर बोट लगेच मंदावते आणि कारण ध्यानांत येतें. बारीक नायलॉनचा धागा मात्र कपटी असतो. तो पंख्यामागें आंसाभोंवतीं गुंडाळत जातो आणि तेल अडविणारें रबरी कडें कापतो. मग पायांतील तेल बाहेर जातें आणि समुद्राचें पाणी आंत शिरतें. तेल काढून पाहावें; तें दुधट झालें असेल, तर पाणी शिरलें आहे. त्यांत धातूचे कण चमकत असतील, तर दंतचक्रें झिजूं लागलीं आहेत. एवढासा धागा वेळीं दिसला नाहीं, तर सबंध पाय बदलण्याची वेळ येते.

या सर्व परीक्षांत एक पथ्य पाळावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नवा पंखा, नवे प्लग आणि स्वच्छ केलेला तळ घेऊन बोट एकदमच पाण्यांत उतरविली आणि ती छान धांवली, तर आनंद होईल. पण रोग कोणता होता तें कळणार नाहीं, आणि तो परतला म्हणजे पुन्हां तिन्ही खर्च करावे लागतील. म्हणूनच एक चांगला, मापाचा जादा पंखा जवळ असावा. तो संकटांत उपयोगी पडतो हें खरेंच, पण निदानासहि त्याच्याइतकें उत्तम साधन नाहीं. पंखा बदलला आणि लक्षण गेलें, तर दोष पंख्याचा. लक्षण तसेंच राहिलें, तर पंखा निर्दोष.

आतां सावधगिरीचे चार शब्द, आणि ते मी सर्वांत महत्त्वाचे समजतों. पंख्यास हात लावण्यापूर्वीं किल्ली काढून आपल्या खिशांत ठेवावी आणि बॅटरी तोडावी. किल्ली बोटीवर आणि आपण पंख्यापाशीं, अशी स्थिति कधींहि होऊं देऊं नये. पाण्यांत पोहणारें माणूस जवळ असतां इंजिन केवळ गिअरांतून काढून भागत नाहीं. तें बंदच केलें पाहिजे. चालकानें इंजिन बंद करणारी दोरी अंगाशीं अडकवावी, म्हणजे तो पाण्यांत पडला तर बोट त्याच्यावर फिरून येणार नाहीं. इंजिन आंत असल्यामुळें त्याच्या खणांत पेट्रोलची वाफ सांचूं शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वीं वाफ काढणारा पंखा निदान चार मिनिटें चालवावा. आणि समुद्रांत बोट अडली, तर प्रथम नांगर, मग सर्वांच्या अंगावर तरंगणारीं जाकिटें, मग निदान. किनाऱ्याचें साहाय्य हवें असल्यास बिनतारी यंत्राच्या १६ व्या वाहिनीवर हांक द्यावी. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनि क्रमांकहि याच कामासाठीं आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं मोटरबोट असेल. पण शिवणयंत्र, पाण्याचा पंप, मोटरगाडी, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येकाच्या घरीं असतें, आणि तीं बिघडल्यावर कारागिराकडे जाण्याची वेळहि येते. त्या वेळीं आपण जें पहिलें वाक्य बोलतों, त्यावर पुढचा पुष्कळसा खर्च अवलंबून असतो. "इंजिन गेलें" हें एक वाक्य. "पूर्ण मुठीवर फेरे ४,८०० होते, वेग नेहमीं ३८ मैल असतो, तो २५ वर आला, बोट सरळ चालली होती, हळू चालवली तर ठीक चालते," हें दुसरें. पहिल्या वाक्यानें कारागीर आपल्या मागोमाग चुकीच्या वाटेस लागतो. दुसऱ्या वाक्यानें तो बहुधा बोट न पाहतांच पंख्याकडे हात नेतो.

आमच्या बोटींत आतां एक लहान वही ठेवलेली असते. प्रत्येक फेरीस फेरे, वेग, माणसें आणि पाण्याची स्थिति यांची नोंद तींत होते. ती नोंद आत्याबाई करतात. गेल्या महिन्यांत त्यांनींच मला सांगितलें कीं, तितक्याच फेऱ्यांस वेग दोन मैलांनीं उतरला आहे. मी यंत्रशाळेकडे निघालों होतों. त्या म्हणाल्या, "आधीं तळ बघ." तळाशीं बोटभर शेवाळ होतें.